बांधीतली शाळा



स्मरणिका म्हटली की आठवणी येणारच. कोणी प्रार्थनेच्या रांगेबद्दल लिहील, कोणी स्नेहसंमेलनातल्या नाटकाबद्दल, कोणी गणिताच्या सरांच्या छडीबद्दल. त्या आठवणी माझ्याकडेही आहेत. पण मला या पानांवर जरा मागे जाऊन एक इतिहास सांगायचा आहे, कारण तो आपल्या सगळ्यांचा आहे आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हता.

आपल्यापैकी बहुतेक जण धानाच्या बांधीतून शाळेत आलो. रोवणीच्या दिवसांत कितीतरी बाक रिकामे असत आणि हजेरी घेताना सरांना कारण विचारावे लागत नसे. शिकून कोणी शिक्षक झाले, कोणी पोलिसात गेले, कोणी बँकेत लागले. मी संगणकाच्या क्षेत्रात आले. बरेच जण कोंढ्यात आणि आसपासच्या गावांत राहिले आणि आजही दोन-चार एकरांत धान पिकवतात. शेतीतून बाहेर पडण्याची वाट शाळेने आपल्याला उत्तम दाखवली. जो शेतीतच राहिला त्याला शाळेने काय दिले, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आपल्या भागात शेतीचे ज्ञान गावाला कोणी दिले, कसे दिले, त्यातले काय टिकले आणि काय विरून गेले, हे पाहत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ती शेवटी सांगते. आधी इतिहास.

तलावाची पाळ

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव काही आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी ते बांधले. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांना सोबत आणले, अशी आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असेही सांगतात. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात.

आख्यायिका बाजूला ठेवून नुसते बांधकाम पाहिले तरी नवल वाटते. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून सांडवा ठेवायचा आणि तलावाखाली उताराने बांध्या पाडायच्या, म्हणजे वरच्या बांधीतले पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत उतरते. कुठली माती पाळीला चालते आणि कुठली फुगून फाटते, किती पाणलोटाला किती लांब सांडवा लागतो, हे सगळे त्यांना ठाऊक होते. कोणते महाविद्यालय नाही, नकाशा नाही, लेव्हलचे यंत्र नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना आपोआप आदर वाटतो.

हे ज्ञान शिकवले जायचे ते पाळीवर उभे राहूनच. गाळ कधी काढायचा, तुटलेली पाळ कशी भरायची, पाणी आधी कोणत्या बांध्यांना सोडायचे, हे पोरांनी मोठ्यांसोबत काम करता करता उचलले. जमिनीलाही आपापली नावे होती, सिहार, मोरांड, कन्हार, बरडी. आणि कोणत्या मातीत कोणते धान लावायचे हे नावाबरोबरच कळायचे. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी किंवा जवस फेकायचा, म्हणजे नांगरणी न करता दुसरे पीक येते, हीही त्याच शाळेतली विद्या.

ही व्यवस्था समतेची होती असा गैरसमज नको. वर मालगुजार, खाली कूळ, त्याखाली मजूर, अशी ती उतरंड होती. पाळीवर माती वाहणाऱ्यांच्या वाट्याला तलावाखालची जमीन क्वचितच आली. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचे ज्ञान तर कोणी ज्ञान म्हणून मोजलेच नाही. मध्य प्रदेश सरकारने १९५० साली मालकी हक्क संपवणारा कायदा केला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५१ पासून तो कायदा लागू झाला, मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. ते झाले ते योग्यच. आपण ज्याला मामा तलाव म्हणतो त्यातला 'मामा' कोणाच्या आईचा भाऊ नव्हे, 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

पण मालकीबरोबर दुसरेही काहीतरी गेले. काही तलाव जिल्हा परिषदेकडे आले, काही पाटबंधारे खात्याकडे. गाळ काढणे हे गावाचे काम होते, ते आता अंदाजपत्रकातली एक ओळ झाले. शिकवणाराही गेला आणि शिकण्याचे निमित्तही गेले. तलाव मात्र जागेवरच राहिले, वर्षावर्षाला उथळ होत.

नागपूरचे कॉलेज आणि गावची बांधी

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. त्यानंतर इंग्रज सरकारने शेतकी खात्याकडे लक्ष दिले. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. तिथे चांगले काम होत होते, पण ते गावापर्यंत कसे पोचवायचे हा प्रश्न सुटेना. सरकारी प्रयोगक्षेत्रावर पीक डोलताना पाहून शेतकरी म्हणायचा की सरकारचे शेत, सरकारचे खत, सरकारचे मजूर. आमच्या बांधीत येऊन दाखवा.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ ते १९२८ या काळात हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला एक शाही आयोग नेमला गेला. त्या आयोगानेही हेच म्हटले की सरकारी शेतावर दाखवण्यापेक्षा शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर केलेले प्रात्यक्षिक अधिक उपयोगी पडते. शेतकऱ्याला जे सरळ कळत होते ते आयोगाच्या जाड अहवालात यायला इतकी वर्षे लागली.

जमीन असलेली शाळा

आता एका अशा प्रयोगाबद्दल, ज्याचे नावही आज आपल्याकडे कोणाला आठवत नाही. १९३७ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्यात शिक्षण खाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे होते. पुढच्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले. त्या काळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. खेड्यापाड्यांत शाळा काढायला सरकारकडे पैसा नव्हता. शुक्लांनी तोड काढली ती विद्यामंदिर योजनेची. गावातल्या कोणी जमीन दान द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार आणि शाळेचा खर्च भागवायचा. म्हणजे प्रत्येक खेड्यातल्या शाळेला स्वतःचे शेत.

त्याच सुमारास, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम जन्माला आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताच्या कामातून शिकायचे, आणि त्या कामांत सूतकताईबरोबर शेतीही. १९३८ मध्ये वर्ध्यातच विद्यामंदिराच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू झाली.

हे सगळे आपल्यापासून फार दूर घडत नव्हते. भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. पण योजना फळली नाही. 'मंदिर' या नावावरून मुस्लिम समाजात तीव्र नाराजी झाली आणि त्यावर राजकारण पेटले. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा वाली गेला. याखेरीज योजनेच्या गाभ्यातच एक अडचण होती. शिक्षकाचा पगार धानाच्या पिकावर टांगला, तर ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी शिक्षकही उपाशी आणि शाळाही बंद. शाळेचे शेत हे शिकण्याचे साधन म्हणून उत्तम. शाळेचे पोट भरण्याचे साधन म्हणून धोक्याचे. हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे मी त्याकडे परत येणार आहे.

ओळीत रोवणी

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक हा नवा माणूस खेड्यात आला. १९५३ पासून देशभर भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रचार झाला. गादीवाफ्यावर पऱ्हे टाका, बियाणे कमी वापरा, दोरी धरून ओळीत रोवा, ओळींमधून कोळपे चालवून निंदण करा, खत मोजून द्या. पद्धत शास्त्राला धरून होती. आपल्या वडीलधाऱ्यांकडून 'जपानी पद्धत' हा शब्द अनेकांनी ऐकला असेल.

पण ती सगळीकडे रुजली नाही, आणि त्याचे एक कारण कोणत्याही बाईला विचारले असते तर तिने उभ्या उभ्या सांगितले असते. रोवणी बाया करतात. गुडघाभर चिखलात, वाकून, पाऊस डोक्यावर घेऊन. दोरी धरून ओळीत रोवायला वेळ जास्त लागतो, आणि पाणी बांधीत उभे असताना नेमका वेळच नसतो. वाढलेल्या वेळेची मजुरी कोण देणार, हे ठरले नव्हते. प्रात्यक्षिकाला मात्र पुरुष बोलावले जात. ज्या हातांनी काम करायचे त्या हातांना वगळून दिलेले शिक्षण किती पोचणार?

याच काळात आपल्या विदर्भाने देशाला पहिल्या फळीतला कृषिमंत्री दिला. डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांनी १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. शेतकऱ्याच्या मुलाने शिकले पाहिजे आणि शिकलेल्याने शेतीकडे पाहिले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या नावाने अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले. आपल्या जिल्ह्याचे केंद्र साकोलीला आहे. या संस्थांनी नवे वाण दिले, माती तपासायला शिकवले, रोगकिडींची माहिती दिली. एकरी धान वाढले यात त्यांचा मोठा वाटा आहे, हे कृतज्ञतेने सांगायला हवे.

तिसरी शिकलेले संशोधक

पवनीहून भिवापूर ओलांडून पुढे गेले की नागभीड लागते. त्या तालुक्यातल्या नांदेड या गावात दादाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. दाणा बारीक आणि रंग पिवळसर. शंभरातला एखादाच त्या लोंब्यांकडे थांबून पाहील. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपले, पुढच्या हंगामात वेगळे लावले, पुन्हा निवडले, पुन्हा लावले. असे काही हंगाम गेले आणि एक नवा, बारीक, चवदार तांदूळ तयार झाला. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाचा मोठा रुबाब होता. तांदळाला तेच नाव पडले. आज आपण दुकानात 'एचएमटी द्या' म्हणतो तेव्हा तो मान नागभीडच्या एका छोट्या शेतकऱ्याचा असतो.

दादाजींनी पुढे डीआरके, नांदेड हिरा असे आणखी वाण काढले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार देऊन गौरव झाला. मधल्या काळात, १९९८ साली, विद्यापीठाचा 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण आला आणि श्रेय कोणाचे यावरून वाद झाला, तो वर्तमानपत्रांतून गाजला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. आयुष्यभर पैशाची ओढाताण त्यांच्या वाट्याला आली.

दादाजींना कोणी वर्गात बसवून शिकवले नव्हते. पण जे त्यांनी केले ते शुद्ध विज्ञान होते. निरीक्षण, निवड, वेगळी लागवड, तुलना, पुन्हा निवड. आम्ही संगणकावर एखादी प्रणाली तयार केली की ती प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हातात देऊन तपासल्याशिवाय पुढे सोडत नाही. दादाजींची तपासणी त्यांच्याच बांधीत, त्यांच्याच पोटाच्या जोखमीवर चालली होती. २००१ साली झालेल्या पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क मान्य केला. पण हक्क कागदावर असला तरी बी निवडण्याची नजर नव्या पिढीला कोण देणार?

तुडतुड्यांनी शिकवलेला धडा

एक उदाहरण बाहेरचे देते, कारण ते आपल्याच किडीचे आहे. तपकिरी तुडतुडे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत; हिरव्या बांधीत जळल्यासारखे गोल पट्टे पडले की समजायचे. १९८५-८६ च्या सुमारास इंडोनेशियात याच तुडतुड्यांनी धानाची दैना केली. अभ्यासात दिसले की फवारणी जितकी जास्त, तितके तुडतुडे जास्त, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आणि भुंगे आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आणि १९८९ पासून गावोगाव एक वेगळीच शाळा सुरू झाली. पंचवीस-तीस शेतकरी, हंगामभर, दर आठवड्याला, बांधीतच भरायचे. चुडात वाकून किती किडी, किती कोळी ते मोजायचे, मोठ्या कागदावर चित्र काढायचे, आपसांत वाद घालायचा आणि फवारायचे की नाही हे स्वतः ठरवायचे. शिकवणारा उत्तर सांगत नसे. प्रश्न उलटा विचारत असे.

हीच कल्पना पुढे अनेक देशांत पसरली आणि आपल्या कृषी खात्यात 'शेतीशाळा' या नावाने आली. जिथे ती मनापासून चालते तिथे शेतकरी औषधाच्या दुकानदाराला विचारण्याआधी बांधीला विचारतो. जिथे ती फक्त सह्या आणि फोटोंपुरती होते तिथे एका दुपारी संपते.

पुन्हा तलावाकडे

जे मामा तलाव उथळ होत गेले, त्यांच्याकडेही कोणीतरी परत वळले. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजासोबत काम केले. तलावात बेशरमाची झुडपे माजली होती, पाणवनस्पती नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर देशी मासेही. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, हे ढिवरांच्या जुन्या जाणत्यांना ठाऊक होते. ते ज्ञान लिहून घेतले गेले, बेशरम उपटली गेली, देशी वनस्पती पुन्हा लावल्या गेल्या आणि त्यात ढिवर बाया पुढे होत्या. काही तलावांत देशी मासे परतले. कधीकाळी ज्यांचे ज्ञान मोजलेच गेले नव्हते, त्यांच्याचकडून तलाव पुन्हा शिकावा लागला.

इथे ती गोष्ट सांगते, जी मी सुरुवातीला राखून ठेवली होती. आपल्या भागातला शेतीशिक्षणाचा जो जो प्रयत्न टिकला, त्यात शिकणारा माणूस स्वतः तपासणाराही होता. पाळीवरचा कोहळी, बांधीतले दादाजी, तुडतुडे मोजणारे शेतकरी, तलावातल्या ढिवर बाया. जिथे ज्ञान तयार करून वरून पाठवले गेले आणि शिकणाऱ्याने फक्त मान डोलवायची होती, तिथे चांगले ज्ञानसुद्धा योजनेबरोबर आले आणि योजनेबरोबर गेले.

आणि आपली शाळा

आपल्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा तास होता, आठवतो? कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात शिक्षणात कामाचा अनुभव असावा असे सुचवले, त्याचा तो आपल्यापर्यंत पोचलेला अंश. बहुतेक शाळांत त्या तासाला खडूच्या पुठ्ठ्याची खोकी आणि कागदी फुले झाली, कारण शिक्षकांवर दहावीच्या निकालाचे ओझे होते आणि कार्यानुभवाला श्रेणीपलीकडे किंमत नव्हती. दोष शिक्षकांचा नव्हता.

वेगळे होऊ शकते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतली मुले शेती, पशुपालन, सुतारकाम, वीजकाम करतात आणि गावाला लागणारी कामे प्रत्यक्ष करून देतात. सेवाग्रामला २००५ साली आनंद निकेतन शाळा सुरू झाली. तिथली मुले शेतात काम करतात, पिकवलेले शिजवतात आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे शाळेत वांगी-पालक लावायला आता परवानगीही मागावी लागत नाही.

आणखी एक आठवण करून देते. १५ ऑगस्ट १९९५ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांना दरमहा तीन किलो धान्य देण्याची योजना आली. आपली धाकटी भावंडे पिशवीत तांदूळ घेऊन घरी येत. ज्या गावाच्या चहूबाजूंना धान उभे, त्या गावातल्या मुलांना सरकारी गोदामातला तांदूळ. योजना गरजेचीच होती आणि तिने कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. पण शेजारच्या बांधीतला तांदूळ शेजारच्या शाळेत का पोचू नये, हा विचार मनातून जात नाही.

जमिनीची वाटणी तर थांबलेली नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा जमिनीत पुन्हा एकच धान, एकच दर, एकच खरेदीदार, हे गणित जुळत नाही. छोट्या शेताला टिकायचे तर थोडे धान, थोडी लाखोळी, धुऱ्यावर तूर, घरामागे भाजी, बोडीत मासे, असे मिश्र हवे. आणि त्यासाठी लागणारे ज्ञान मोठ्या शेताच्या ज्ञानापेक्षा जास्तच लागते. १९८८ साली गोसीखुर्दच्या धरणाचा पाया आपल्याच तालुक्यात घातला गेला. कालवा जिथे पोचतो तिथे पाणी येते. त्या पाण्याचे काय करायचे हे कालवा सांगत नाही.

म्हणून माझी माजी विद्यार्थ्यांपुढे एक साधी सूचना आहे. मेळाव्याच्या निमित्ताने आपण शाळेला काही भेट देऊ इच्छितो. नव्या कमानीवर नावे कोरण्यापेक्षा शाळेच्या आवारात, किंवा गावातल्या कोणा वर्गमित्राच्या शेतात, दोन-चार गुंठ्यांची एक तुलनेची बांधी करू या. चार-पाच प्रकारचे धान शेजारी शेजारी: एखादे चिन्नोर, एचएमटी, विद्यापीठाचा एखादा वाण, आणि कोणाच्या घरी जुने देशी बी उरले असेल तर तेही. आठवी-नववीच्या मुलांनी दर आठवड्याला फुटवे मोजावेत, तुडतुडे आणि कोळी मोजावेत, एका वहीत लिहावे. कापणीला गावातले शेतकरी बोलावून, भात शिजवून, चव आणि वजन दोन्ही तपासावे. वहीचे आकडे मांडून देण्याचे काम मी आणि माझ्यासारखे बाहेर असलेले करू.

अटी इतिहासाने घालून दिल्या आहेत. या बांधीच्या उत्पन्नावर शाळेचा कोणताही खर्च टांगू नये. विद्यामंदिराची चूक पुन्हा नको. शिकवायला गावात राहिलेले आपले वर्गमित्र यावेत आणि त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकाच मान मिळावा. रोवणी करणाऱ्या आया-बहिणींना आधी विचारावे, मग पद्धत ठरवावी. आणि मुलांनी दिलेले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर लगेच खोडू नये. बांधीत जाऊन पुन्हा मोजावे.

यातला एकही मुलगा किंवा मुलगी शेतकरीच व्हावा असा माझा आग्रह नाही. जाणाऱ्याने जरूर जावे. पण राहणाऱ्याला 'शिकला नाही म्हणून राहिला' असे ऐकावे लागू नये, आणि जाणाऱ्याला आपण कुठल्या विद्येच्या गावातून निघालो हे माहीत असावे.

तूर्त एवढेच करा. घरातल्या ढोलीत, आजीच्या मडक्यात, कुठे एखाद्या जुन्या धानाचे बी असेल तर ते यंदा दळायला पाठवू नका. मूठभर कागदात बांधून त्यावर नाव लिहा आणि मेळाव्याला सोबत आणा.